बंद खोलीतला गारवा

मे महिन्यात नागपूरला निघाले तेव्हा पुण्यातल्या शेजारणींनी मला वेड्यात काढलं होतं. स्टेशनाबाहेर पडताच गरम वारा तोंडावर आला. सायकलरिक्षावाला म्हणाला, "डोक्याले पदर घ्या, बाई. इथचं ऊन गंमत नोहे."

धाकटी बहीण कुसुम धरमपेठेत राहते. यंदा तिच्याकडे कूलर आला होता. खिडकीत बसवलेला पत्र्याचा पेटारा, त्याला वाळ्याच्या ताट्या, त्यांवरून झिरपणारं पाणी. आत पाऊल टाकलं आणि ओल्या वाळ्याच्या वासानं जीव निवला. आवाज मात्र एवढा, की बोलायचं ते ओरडूनच.

"पूर्वी संध्याकाळ झाली की अंगणात निंबाखाली खाटा पडायच्या," कुसुम सांगत होती. "आता मुलं बाहेर फिरकत नाहीत."

तिचे सासरे, मामाजी, पारशिवनीकडची शेती सोडून मुलाकडे आले होते. दमट वाऱ्यानं त्यांचे गुडघे धरत, म्हणून ते मधल्या खोलीत निजत.

दुसऱ्या दिवशी रविवार. कुसुमनं गोळाभात केला होता (भातावर डाळीचे गोळे आणि वर फोडणीचं तेल). मेहुणे वसंतराव, मुलं, मी, सगळे जेवून कूलरसमोर आडवे झालो. लू (उन्हाळी झळ) सुटली होती. अंगणाकडचं दार आपटू नये म्हणून कुसुमनं कडी लावली.

अचानक वीज गेली. कूलर थांबला. त्या शांततेत दारावर हलकी टकटक ऐकू आली, थांबून थांबून.

वसंतरावांनी कडी काढली. उंबऱ्याबाहेर मामाजी भिंतीला टेकून बसले होते. चेहरा लालभडक, अंग तापलेलं, ओठ कोरडे. घरात कोंदट वाटलं म्हणून कडी लागण्याआधीच ते निंबाखाली जाऊन बसले होते. आम्ही समजत होतो, ते मधल्या खोलीत आहेत.

आम्ही त्यांना आत घेतलं. कुसुम ओल्या पंच्यानं अंग पुसत राहिली, मी चमच्यानं पन्हं पाजलं. डॉक्टर येऊन गेले. उन्हं कलल्यावर मामाजींनी नीट डोळे उघडले.

"बाबा, आवाज काहून (का) नाही देला?" वसंतरावांनी विचारलं.

"देला ना गा. दारही वाजवलं. तुमाले ऐकूच नोहतं येऊन राहिलं." मग सुनेकडे वळून म्हणाले, "रडू नको वं. वाचलो ना मी."

वीज आली, कूलर पुन्हा घरघरू लागला. तो बंद करायला कुणी उठलं नाही; आता मामाजींनाच त्या गारव्याची गरज होती. वसंतरावांनी पेचकस आणला आणि दाराची कडीच काढून टाकली.

परतताना गाडीत बायकांनी झळ लागू नये म्हणून खिडक्या पाडल्या. डब्यात अंधार झाला. कूलरला मी नावं ठेवणार नाही. त्या खोलीत मी फार सुखानं झोपले होते. बाहेर वैशाख पेटला आहे, हे तिथं आम्हाला विसरता आलं. त्याबरोबर त्या उन्हात राहिलेला आपला माणूसही विसरला गेला.