कळफलकापुढे दादा

आमचा हळर्णचा आतेभाऊ दादा वादळाला भ्याला नाही, ढगांना भ्याला नाही, भर आकाशात एक इंजिन बंद पडलं तेव्हाही भ्याला नाही, आणि वहिनीच्या तक्रारीप्रमाणे तिलाही हवा तितका कधी भ्याला नाही. उभ्या जन्मात त्याची पाचावर धारण बसवली ती बोटाच्या पेराएवढ्या कळांनी. त्या कळा विमानात आल्या आणि दादाचं आकाश गेलं.

त्याआधीचा दादा तुम्ही पाहायला हवा होता. पेडण्यात नवी मोटार आली तरी लोक दारात येऊन उभे राहत, अशा काळात हा माणूस विमान चालवत होता. आणि चालवत कशाने होता? "विमान खंय कलता, ता सांगूक माका यंत्र कित्याक होया? माझा बूड सांगता!" हे वाक्य तो पाहुण्यांसमोर, व्याह्यांसमोर, एकदा तर भर देवळाच्या मंडपात म्हणाला. लाटंबार्सेच्या एका लग्नात पाटावर बसल्याबरोबर त्याने मांडव डावीकडे कलतोय असं जाहीर केलं. लोक हसले. ताकभाताच्या सुमारास डावीकडचा खांब खचला आणि वरपक्षाच्या डोक्यावर झावळ्या आल्या. तेव्हापासून त्या गावात दादाला बसवून पाहिल्याशिवाय कोणी मांडवाखाली पंगत धरत नसे. स्कूटर सुरू करण्यापूर्वी तो विमानातल्यासारखी मोठ्याने उजळणी करी. "ब्रेक?" "आसा." "दिवो?" "आसा." "फाटल्यान माणूस?" "आसा." प्रश्नही त्याचे आणि उत्तरंही त्याचीच. असाच एकदा मागे वळून न पाहता "आसा" म्हणून तो डिचोलीच्या बाजारातून निघाला तो थेट हळर्णला पोचला. वहिनी बाजारातच होती. ती संध्याकाळच्या बसने आली आणि पुढे कित्येक दिवस घरात फक्त भांडी बोलत होती.

गोवा नुकतंच राज्य झालं होतं. कोकणी की मराठी यावर आमच्या डिचोलीच्या शाळेत आम्ही मास्तर लोक एकमेकांचा चहा सुद्धा पीत नव्हतो. त्या दिवसांत दादाच्या कंपनीने नवी विमानं आणली. त्यांत वैमानिकाच्या मांडीशेजारी एक लहानसा पडदा आणि त्याखाली अक्षरांच्या नि आकड्यांच्या कळा होत्या. विमान कुठे उभं आहे, कुठे जायचं, वाटेत कुठल्या कुठल्या खुणांवरून, माणसासामानासकट वजन किती, हे सगळं निघण्याआधी टाइप करायचं. टाइप केलेलं आधी पडद्याच्या तळाशी थांबतं, शेजारची कळ दाबली की आपल्या ओळीत जाऊन बसतं. एकाने भरायचं, वाचून दाखवायचं, दुसऱ्याने ते कागदाशी ताडून पाहायचं आणि मगच अंमल करण्याची कळ दाबायची. मग किती वेगाला विमान उचलायचं, कुठे वळायचं, याचा हिशेब तो डबाच करतो. "तुमी हय कोकणी-मराठी करून भांडतात, आणि तो डबो दोगांचाय आयकना," दादा म्हणाला. हसलो आम्ही, पण तो हसला नाही. पहिल्या परीक्षेत तो नापास झाला होता. आता एकच संधी उरली होती. ती गेली तर जुनी विमानं मोडीत निघाल्यावर दादाला उडवायला काहीही उरणार नव्हतं.

काजूच्या हंगामात तो रजा घेऊन घरी आला. पुठ्ठ्यावर कळफलक काढून तो त्याने जनेलाखाली, खिडकीच्या उजेडात, टेकवला, शेजारी दोन कदेली, म्हणजे खुर्च्या, मांडल्या आणि मला उजवीकडच्या कदेलीवर बसवून सहवैमानिक केलं. बाहेर भाटातल्या काजूच्या झाडांखालून पिकलेल्या बोंडांचा वास येई आणि आत आम्ही पुठ्ठ्याचं विमान घेऊन रोज मुंबईला जात असू. माणूस इतका मोठा, पण एका बोटाने एकेक अक्षर शोधताना कोंबडी दाणे वेचतेय असं वाटे. हवं ते अक्षर सापडलं की खुशीने माझ्याकडे पाही, तोवर पुढचं विसरलेलं असे.

ताडून पाहिल्यावर म्हणायचा इंग्रजी शब्द आम्हां दोघांनाही नीट जमेना. तेव्हा दादाला युक्ती सुचली. आमच्या देवळात गाऱ्हाणं घालणारा देवापुढे एकेक मागणं मांडतो आणि जमलेला गाव प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणतो. दादाने तीच चाल लावली. "माणसां-सामान धरून वजन अमुक!" "व्हय म्हाराजा!" "वारो पश्चिमेचो!" "व्हय म्हाराजा!" मग अदलाबदल. मी वाचायचं, त्याने होकार द्यायचा. आठवड्याभरात त्याची बोटं अशी चालू लागली की वहिनीने देवाला नारळ ठेवला. माझीही खात्री पटली की दादा आता सुटला.

तो परीक्षेला गेला. जमिनीवरच ठेवलेलं, पण आतून हुबेहूब असं ते खोटं विमान. कळा त्याने एकही न चुकता दाबल्या. मग परीक्षकाने शेजारच्या माणसाला वजन भरायला सांगितलं आणि त्या माणसाने, ठरल्याप्रमाणे, भरल्या विमानाला रिकाम्या विमानाचं वजन घातलं आणि मोठ्याने वाचलं. खरा आकडा दादाच्या मांडीवरच्या कागदावर होता. दादाने मान खाली घातली, डोळे अर्धे मिटले आणि गाव म्हणतो तसं भक्तिभावाने म्हणाला, "व्हय म्हाराजा."

डब्याने हलक्या विमानाचा कमी वेग सांगितला. त्या वेगाला दादाने विमान उचललं. ते उचललं गेलं नाही. धावपट्टी संपली, समोरचं चित्र लाल झालं आणि सगळं थांबलं.

घरी आला तेव्हा सोप्यावर बसून त्याने हे मला सांगितलं. मी काहीतरी समजुतीचं बोलू लागलो तर त्याने हात वर केला. "देवळात आमी फक्त व्हय म्हणतांव. बघूचा काम देवाचा. थंय बघूचा काम माझा होता रे. खऱ्या विमानात माणसां आसती तर?" एवढा मोठा माणूस, डोळे पुशीत बसला. मला त्याच्यासाठी फार वाईट वाटलं, आणि करण्यासारखं माझ्याकडे काहीही नव्हतं.

कंपनीने त्याला जमिनीवरचं काम दिलं. नव्या पोरांना तो हवामान शिकवी. जुनी विमानं एकेक करून गेली. निवृत्तीनंतर तो हळर्णला आला आणि विमानात पाय ठेवायचं त्याने नावच टाकलं. मुलगी बंगळुराहून बोलवी, तर हा आगगाडीने जाई.

पुढे आमच्याच पेडणे तालुक्यात, मोप्याच्या सड्यावर, त्या उघड्या पठारावर, विमानतळ झाला. वहिनी तोवर गेली होती. मुलीने हट्टाने तिकिटं काढली आणि मला सोबत धाडलं. दादा खिडकीशी बसला. बंगळूर जवळ आलं, विमान खाली येऊ लागलं, तसे त्याने डोळे मिटले. मांडीवरचे त्याचे म्हातारे हात हळूहळू वळले आणि जणू जुन्या विमानाचं सुकाणू धरून, अगदी अलगद, पोटाकडे ओढू लागले. विमान टेकलं त्याच क्षणी ते हात थांबले. त्याच्या चेहऱ्यावर घाम होता. मी दुसरीकडे पाहू लागलो.

उतरताना दारातल्या हवाईसुंदरीने त्याचा कोपर धरला. तिने मघाशी त्याला पाहिलं असावं. मायेने म्हणाली, "भीती वाटली ना काका? पहिल्यांदाच बसलात का विमानात?"

मी तोंड उघडलं. दादाने माझा दंड दाबला.

"हां गो बाय," तो म्हणाला, "पयल्यांदाच."