कानबाईच्या रोटाचा वाटेकरी

प्लेगच्या वेळी अर्धं सुरत मिळेल त्या गाडीनं पळालं. नवऱ्याच्या कापडाच्या कारखान्यातले डाइंग मास्तरही चार दिवसांसाठी म्हणून बायकापोरांना घेऊन गावी गेले, ते काही परत आले नाहीत. जाताना त्यांचं अल्सेशनचं पिल्लू आमच्या दारात बांधून गेले. "जरा सांभाळा," म्हणाले. साहेब लोक 'जरा' म्हणतात तेव्हा ते केवढं असतं, हे आपल्याला नंतर कळतं. आमचं 'जरा' वर्षभरात कमरेपर्यंत आलं, आणि पांडेसऱ्यातल्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तो आडवा झाला की आम्ही सगळे उभे.

कुत्रा देखणा होता हो. कान ताठ, छाती भरलेली. गल्लीतले लोक आपल्या पाहुण्यांना त्याला दाखवायला आणायचे. आणि एका सकाळी तो मागचा डावा पाय उचलून चालायला लागला.

दोन दिवसांत आपोआप बरा झाला, आम्ही विसरलो. मग उजवा पाय. तोही बरा झाला. मग परत डावा. पाय असा बदलत राहिल्यामुळे गल्लीत दोन पक्ष पडले. एक म्हणायचा, नाटकं करतोय. दुसरा म्हणायचा, कुणाची तरी नजर लागली. त्याला खरंच दुखत असेल, असं म्हणणारी मी एकटी, आणि मला कोण विचारतं.

उपाय मात्र दोन्ही पक्षांनी मनापासून केले. त्याच्या गळ्यात काळा दोरा आला, लिंबू-मिरची आली. मिरचीनं तो दिवसभर शिंकला. मोहरीचं तेल चोळून झालं. नवऱ्याच्या खात्यातला एक फिटर येऊन पाय वाकवून बघून गेला आणि म्हणाला, "वहिनी, बेअरिंग गेलंय." पुढे डॉक्टरनं जे सांगितलं ते ऐकल्यावर वाटलं, सगळ्यांत जवळ फिटरच पोचला होता.

पण सगळ्यांचा आवडता उपाय एकच, खायला घालणं. समोरच्या घरातली गुजराती मासी रोज सकाळी तूप लावलेली रोटली घेऊन यायची. "बिचारो लंगडाय छे," म्हणायची आणि आणखी एक द्यायची. कोपऱ्यावरचा लोचोवाला वाफवलेल्या डाळपिठाच्या लोचोची पहिली गरम वाटी त्याच्यापुढे ठेवायचा. आमच्या सासूबाई तर स्वतःच्या ताटातली अर्धी भाकर मोडून द्यायच्या, वर बशीत चहा. तो जितका लंगडायचा तितकी दया यायची, जितकी दया यायची तितका तो जाड व्हायचा, आणि जितका जाड व्हायचा तितका लंगडायचा. हे गणित मला आज कळतं. तेव्हा आम्ही सगळे पुण्य कमावण्यात गुंतलो होतो.

शेवटी नवरा त्याला गुरांच्या दवाखान्यात घेऊन गेला, मीही गेले. डॉक्टर म्हशींचे. त्यांनी कुत्र्याला आडवं केलं, मागचे पाय हळू ताणून बघितले आणि मला विचारलं, "खातो किती?"

"काही नाही हो, दोन भाकरी."

"आणि बाकीचं?"

बाकीचं सांगताना दवाखान्यात बसलेले लोकही ऐकायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं ते असं. या मोठ्या जातीच्या कुत्र्यांचा खुबा कधी कधी जन्मापासूनच सैल असतो, हाड खोबणीत नीट बसत नाही. त्यावर वजन चढलं की दुखतं. दोन दिवस पडून राहिला की बरं वाटतं, मग जिन्यावरून उड्या मारतो, परत दुखतं. गोळ्या चार दिवसांच्या. खरं औषध म्हणजे मापानं खाणं, हळूहळू फिरवणं आणि उड्या बंद. "नाहीतर एक दिवस मागच्या पायांवर उठणारच नाही," म्हणाले. "मग याला रोज उचलून जिना कोण उतरवणार?"

घरी येऊन मी सगळं सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "डाक्टर म्हशीस्ना शे, त्याले काय समजस." आणि भाकर मोडली.

त्यात श्रावण आला. कानबाई आम्हा खानदेशी लोकांची देवी. एक रात्र घरी बसते, दुसऱ्या दिवशी तिला तापीवर पोचवायचं. तिच्या रोटांचे नियम कडक. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचे, त्याचे जाड गोड रोट करायचे. ते भाऊबंदांबाहेर कुणाला द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत, पौर्णिमेच्या आत घरच्यांनीच संपवायचे. लग्न करून दिलेल्या लेकीलाही मिळत नाहीत. माझ्या नावाची मूठ तर कधी पडलीच नाही, मी फक्त दळायचं.

तर सासूबाईंनी नवऱ्याच्या नावाची मूठ टाकली, माझ्या दोन्ही मुलांच्या टाकल्या, आणि परत गव्हात हात घातला.

"आता ही कुणाची?" मी विचारलं.

त्यांनी हनुवटीनं खाटेखाली दाखवलं. "घरना पोऱ्या शे. कानबाई त्याना पाय बरा करी."

मी सून, मी काय बोलणार. इतकी वर्षं घरात राबून मला जे मिळालं नाही, ते त्यानं वर्षभर लोळून मिळवलं.

रोट पहिल्या दिवशी गोड लागतात. तिसऱ्या दिवशी दात दुखतात. घरातल्या पुरुषांना लवकरच शोध लागला की आता भाऊबंद वाढलाय. नवरा गुपचूप आपला रोट खाटेखाली सरकवायचा, मुलंही सरकवायची. नियम कुठलाच मोडत नव्हता. सासूबाई मात्र कौतुकानं सांगायच्या, यंदा रोट किती लवकर संपले.

त्यानंतरच्या एका सकाळी तो उठलाच नाही. पुढून उठला, मागचं अर्धं अंग जमिनीलाच राहिलं. ओरडला नाही. मान वळवून स्वतःच्या पायांकडे बघत राहिला, दुसऱ्या कुणाचे असावेत तसा.

चादरीत घालून चौघांनी खाली उतरवला. डॉक्टरांनी त्याला बघून मग आमच्याकडे बघितलं. "आता काय दिलंत?"

"प्रसाद," नवरा म्हणाला.

डॉक्टर रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. सुई टोचली आणि म्हणाले, थंडीपर्यंत वजन उतरलं तर तो चालेल, नाहीतर मी काही करू शकत नाही.

परत येताना नवरा एकच वाक्य बोलला, "पांजरापोळमध्ये विचारून ठेवतो." त्याचंही चुकत नव्हतं. पाळीवरून आलेल्या माणसानं एवढं धूड चादरीत घालून रोज किती वेळा वरखाली करायचं.

सासूबाईंनी ते ऐकलं. "घरना पोऱ्याले पांजरापोळमा टाकस का?"

"मग तुन्या भाकरी बंद कर."

दुसऱ्या सकाळी मासी रोटली घेऊन आली तेव्हा दारात सासूबाईच उभ्या होत्या. त्यांची हिंदी तिथल्या तिथे तयार होणारी.

"मासी, अब नै. इसने हमारे देवी का रोट खाया. अब दुसरे के हाथ का खाएगा तो देवी उसके घर जाके बैठेगी."

मासी भाविक, देवी घरी येऊन बसली तर तिला हवीच होती. "बेसे तो सारुं ने, बेन."

"बैठेगी तो हर साल सब भाऊबंद को खिलाना पडता है. गावसे आते है. पूरा गाव."

मासीनं रोटली पदराखाली घेतली.

मी आत आल्यावर विचारलं, "आई, हे कुठे सांगितलंय?"

"आते मीच सांगं ना."

दुपारपर्यंत गल्लीभर झालं. तो लांबून दिसला तरी लोचोवाला थाळीवर फडका टाकायला लागला. डॉक्टरांचं तेच म्हणणं मी महिनाभर सगळ्यांना समजावून सांगत होते, तर लोक म्हणायचे, मुक्या जनावराला उपाशी मारते.

आता हात राहिला फक्त आमच्या घरचा, म्हणजे सासूबाईंचाच. मापाची वाटी त्या बोटानं सपाट करून द्यायच्या आणि दर वेळी डॉक्टरच्या सात पिढ्या काढायच्या. तो त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवून बघत राहायचा, म्हणून त्यांनी चहा भिंतीकडे तोंड करून प्यायला सुरुवात केली. एकदा डोळे पुसताना मला दिसल्या, तर म्हणाल्या, चहा गरम होता.

नवऱ्यानं जिन्यावर गोणपाट ठोकलं, घसरू नये म्हणून. कारखान्यात कापडाच्या गाठी तोलायच्या काट्यावर त्याला नेऊन बसवायचा. दिवाळीनंतर काटा खाली आला आणि एक दिवस तो आपला आपण जिना उतरला. डॉक्टरांनी विचारलं, कसं जमवलंत, कुणी ऐकत नाही माझं. नवरा म्हणाला, "तुम्ही सांगितलं तसंच केलं, साहेब."

लंगडणं पूर्ण गेलं नाही. थंडीच्या सकाळी डावा पाय अजून टेकत नसे. डॉक्टर म्हणाले, जाणारही नाही, सांभाळत राहायचं. पांजरापोळचं नाव मात्र घरात परत निघालं नाही. सासूबाई त्याला सकाळी फिरवायला न्यायच्या. त्यांचेही गुडघे गेलेले, त्यामुळे दोघांची चाल जमायची. मासी वरून दोघांना बघून एकदा म्हणाली, "बेउ लंगडाय छे."

सासूबाई थांबल्या आणि मला म्हणाल्या, "तिले सांग, माले कोनाबी हातनं चालस."

दुसऱ्या दिवसापासून मासीची तुपाची रोटली त्यांना यायला लागली. त्या ती दाराला कडी लावून खायच्या, आणि तो बाहेर दाराच्या फटीला नाक लावून बसायचा.