कशेळ्याच्या बाजारातला पुस्तकवाला

बेचाळीस सालानंतरचे ते दिवस होते. कशेळ्याच्या बाजारात अनोळखी माणूस दिसला की तो पोलिसांचा खबऱ्या असेल, असंच आम्हाला वाटे. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. एक म्हातारा चिंचेखाली पोतं पसरून मुलांची पुस्तकं विकायला बसू लागला. पुस्तक देण्याआधी तो धोतराला हात पुसायचा आणि मुलाच्या कानाशी वाकून काहीतरी विचारायचा. घरची माहिती काढतोय, अशी माझी खात्रीच झाली.

माझ्या मुलीने त्याच्याकडून आणलेलं पुस्तक मी पानन्पान तपासलं. एका रागीट अस्वलाची गोष्ट होती, दुसरं काही सापडलं नाही. तरी मी त्याला गाठून दरडावलं, "पोरांना काय विचारता?"

"'तू कशाला भितोस?' येवढंच इचारतो गुरुजी. त्याबिगर कुनाला कुठलं पुस्तक द्यावं ते कळत नाय."

मला ते पटलं नाही. मी त्याला बाजारातून उठवलं. तो पोतं गुंडाळून गेला आणि पुन्हा कधी आला नाही.

घरी येऊन मी मुलीला विचारलं, "तू काय सांगितलंस त्याला?"

ती दाराआड सरकली आणि हळूच म्हणाली, "तुम्हाला भिते, असं सांगितलं अण्णा."