सरकारी कंपनीची दुसरी सही

तालुक्याच्या कचेरीबाहेर वडिलांचं, आप्पांचं, सायकल दुरुस्तीचं खोकं होतं. "राहू दे, मी आहे," असं तिथल्या साहेबांनी तोंडी सांगितलेलं. साहेबांची बदली झाली आणि आठवड्यात खोकं उचललं गेलं. आई खुरपणीला जाऊ लागली. साहेबांना तसा अधिकार होता का, हे विचारणारं आमच्या घरात कुणी नव्हतं. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. पुढे कंपनी सेक्रेटरी झाले. आता हेच विचारायचा मला पगार मिळतो.

कुवेतमध्ये एका सरकारी कंपनीशी आमचा मेंटेनन्सचा करार होता. अकराला सह्या. आमच्या साठ माणसांचं काम त्यावर अवलंबून. नऊ वाजता मी ड्राफ्ट अडवला. त्यांच्याकडून एकटे डेप्युटी मॅनेजर सही करणार होते. त्यांच्या नियमावलीत दोन सह्या लिहिलेल्या.

"अहो मॅडम, सरकार आहे ते," आमचे प्रोजेक्ट हेड पाटणकर म्हणाले. "सरकारला कुठला आलाय कंपनी कायदा?"

"मालक सरकार आहे, सर. नोंदणी कंपनीची आहे. मंत्रालय असतं तर गोष्ट वेगळी. कंपनीला सवलत असती तर नियमावलीत दिसली असती. मी वाचलीय. नाहीये."

"काम गेलं तर मुंबईच्या हेड ऑफिसला तुमचं नाव कळवणार मी."

"कळवा. स्पेलिंग देते."

मीटिंगमध्ये मी दुसरी सही मागितली. त्यांच्या वकीलबाईंनी चष्मा लावला. "आधी तुमचा कागद दाखवा."

मुंबईच्या बोर्डाने पाटणकरांना सहीसाठी दिलेलं मुखत्यारपत्र इथे आपोआप चालत नाही. मुंबईने ते अपोस्टिल करून पाठवलं होतं. तो शिक्का बऱ्याच देशांत चालतो, कुवेतमध्ये नाही. मी ते आधीच परत पाठवून दिल्लीच्या कुवेती दूतावासाचा शिक्का आणवला होता, मग इथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा. तेव्हा पाटणकर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "मॅडमना शिक्के जमवायचा छंद आहे."

वकीलबाईंनी कागद उलटून एकेक शिक्का तपासला. मग फोन उचलला. वीस मिनिटांत दुसरे साहेब आले आणि हातातला चहा न ठेवताच सही करून गेले.

दोन महिन्यांनी डेप्युटी मॅनेजरची बदली झाली. नव्या साहेबांनी विचारलं, हे काम कुणी दिलं? वकीलबाईंनी दोन सह्या दाखवल्या. विषय संपला.

सही बघण्याआधी सहीचा अधिकार बघावा. समोर सरकार असेल तर दोनदा.

करार झाला त्या रात्री व्हिडिओ कॉलवर आप्पांनी विचारलं होतं, "साहेबाची बदली झाली तर गं?"

आता मी फोन करून सांगितलं, "झाली, आप्पा. काम चालू आहे."

पुढच्या कराराचं मुखत्यारपत्र मुंबईने माझ्या नावावर पाठवलं. त्या करारावर कंपनीतर्फे सही माझी आहे.