बांधीवरचे विभागप्रमुख

आमच्या विभागप्रमुखांइतकं संशोधन आजवर कुणी केलं नसेल, आणि त्यांच्याइतकं कमी कुणी लिहिलंही नसेल. पोवारी बोलीतल्या लग्नगीतांवर त्यांची पीएच.डी. चालू होती. इतकी वर्षं चालू होती की ती संपावी अशी अपेक्षा करणं गावात असभ्यपणाचं समजलं जाई. मी साताऱ्याकडून गोंदियाजवळच्या गोरेगावच्या कॉलेजात मराठी शिकवायला आले तेव्हा गोंदिया जिल्हा नुकताच भंडाऱ्यापासून वेगळा झाला होता. सरांनी पहिल्याच दिवशी मला बसवलं, माझं दहा मिनिटांचं बोलणं शांतपणे ऐकलं आणि निकाल दिला, "भाषा चांगली आहे म्याडम तुमची. फक्त जरा पातळ आहे."

विभागात माणसं दोन. ते आणि मी. तरीही दर सोमवारी विभागाची बैठक होई. सर अध्यक्ष, मी सचिव. विषय मांडताना ते "अध्यक्षांच्या परवानगीनं" असं म्हणत, मग क्षणभर थांबून स्वतःच मान डोलावून ती परवानगी देत, आणि पुढे बोलत. एकदा पंख्याच्या दुरुस्तीचा ठराव माझ्या विरोधाशिवाय मंजूर झाला, त्याचाच त्यांना कोण आनंद! शेवटी उभं राहून आभार मानायचे. तेव्हा खोलीत बसलेली मी एकटीच असल्यानं सगळे आभार मलाच घ्यावे लागत.

संशोधन मात्र जोरात होतं. लग्नसराई लागली की सर खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून पंचक्रोशीतल्या मांडवांत हजर. आमंत्रणाची वाट बघणं त्यांच्या शास्त्रीय पद्धतीत बसत नसे. वधूपक्षाला ते वरपक्षाचे वाटत, वरपक्षाला वधूपक्षाचे, त्यामुळे दोन्हीकडून आग्रह होई. मी एकदा त्यांच्या कॅसेट ऐकून गाणी उतरवायला बसले. म्हाताऱ्या बायका सुरेख गात होत्या आणि ऐन कडव्यात सरांचा खणखणीत आवाज, "वरन टाका जी अजून! भजे संपले का?" सरांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "याहीचा सारा अभ्यास पंगतीतच चालते."

पण सरांचा खरा जीव अडकला होता तो एम.ए.च्या वर्गात. विद्यापीठाच्या पायऱ्या झिजवून त्यांनी तो वर्ग मिळवला होता. मिळाल्यावर कळलं की वर्गाला विद्यार्थीही लागतात. मग सर स्कूटरवरून घरोघर फिरू लागले. कामठ्याला एका मोठ्या शेतकऱ्याची सून, रेखा, बी.ए. झालेली होती. सासरे ओसरीवर बसले होते. सरांबरोबर मीही होते.

"एम.ए. करून कायले जी?" सासऱ्यांनी विचारलं. "धान जास्त होते का त्यानं?"

"धान तं तेवढाच होईन," सर म्हणाले. "पर सून घरात भांडीन ते शुद्ध भाषेत भांडीन."

सासरे इतके हसले की त्यांना ठसका लागला. रेखाला प्रवेश मिळाला. असेच एकेक करून विद्यार्थी जमले. बहुतेक सगळ्या शेतकऱ्यांच्या सुना आणि लेकी.

पुढच्याच वर्षी विद्यापीठानं सरांना निक्षून सांगितलं की प्रबंध या पावसाळ्यात आला नाही तर नोंदणी रद्द. सरांनी हाय खाल्ली. रजा टाकली, टायपिस्ट ठरवला, काकूंनी दारावर लोकांना परतवायला सुरुवात केली. आणि त्याच आठवड्यात बातमी आली, एम.ए.च्या वर्गात मुलं बसत नाहीत अशी तक्रार आहे, समिती पाहणीला येते आहे, वर्ग रिकामा दिसला तर बंद करू. सर रजा मोडून दुसऱ्या दिवशी कॉलेजात! काकू मला फाटकात भेटल्या. "सांगा ना तुमी, म्याडम. आता तरी लिहा म्हना." मी सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही.

समिती आली ती नेमकी धानाच्या रोवणीच्या, म्हणजे लावणीच्या दिवसांत. तिन्ही सदस्य कडक इस्त्रीचे. वर्गात बाकं होती, फळा होता आणि मी होते.

"विद्यार्थी कुठे आहेत?" समितीच्या अध्यक्षांनी विचारलं.

"वर्गातच आहेत," सर म्हणाले. "वर्ग जरा दूर आहे. चला जी."

त्यांनी समितीला जीपमध्ये घातलं आणि थेट कामठ्याच्या शिवारात नेऊन उतरवलं. धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात बायका ओळीनं वाकून रोवत होत्या. सरांनी बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर छत्री उघडली आणि मोठ्यानं हजेरी घ्यायला सुरुवात केली. इकडून तिकडून चिखलातून आवाज उठले, "हजर जी!" अध्यक्ष एक पाऊल पुढे सरकले आणि त्यांचा बूट चिखलानं ठेवून घेतला. तो काढता काढता त्यांनी रेखाला विचारलं, "बाई, तुम्ही वर्गाला कधी बसता?"

"रोवना झाला का बसतो, सर," रेखा वाकल्या वाकल्याच म्हणाली. "आता बसलो तं सासू उठवीन."

समिती हसली. वर्ग वाचला. विद्यापीठानं मान्यता कायम ठेवली. सरांची नोंदणी मात्र रद्द झाली. मी चिडूनच विचारलं, "सर, तुम्हाला वाईट नाही वाटत?"

सरांनी चष्मा पुसायला घेतला. "वाटते ना म्याडम. काऊन नाई वाटन? रात्री झोप नाई येत. पर गाने बायकांजवळ आहेत, ते राहतीन. वर्ग एकदा गेला का वापस नाई येत." मग उठून खिडकी लावली आणि मला तासाला जायला सांगितलं.

सर निवृत्त झाले ते नुसतेच 'सर' म्हणून, 'डॉक्टर' न होता. रेखा एम.ए. झाली आणि आमच्याकडेच तासिका तत्त्वावर शिकवू लागली. पेन्शनच्या कामाच्या निमित्तानं सर कॉलेजात येत आणि तिच्या वर्गाबाहेर व्हरांड्यात उभे राहत. "आत या ना जी, सर," ती म्हणे. "तू शिकव. मी बस पाहून राहिलो," असं म्हणून ते तास संपेपर्यंत एसटीची वाट पाहत. स्टँड तिथून दिसतही नाही.

आता गुडघ्यांनी त्यांना घरी बसवलंय. सकाळी तास सुरू झाला की माझा मोबाइल वाजतो. "वर्ग भरला का म्याडम?" मी भरला म्हणते आणि फोन हातात तसाच धरून दाराशी जाऊन उभी राहते. आत रेखा शिकवत असते, पोरी मध्येच हसतात. पलीकडून नुसता सरांचा श्वास ऐकू येतो. मग हळूच म्हणतात, "ठेवतो जी. तास चालू आहे."