नाईक विलास सरतापे आणि नीरेचं पाणी

पंच्याण्णव साली आमची कंपनी काश्मीरमध्ये एका नाल्याकाठच्या पोस्टवर होती. पाणी बर्फाचं. तळातले गोटे दिसायचे इतकं स्वच्छ, आणि त्यात ट्राउट मासे. मी हवालदार होतो. माझ्या सेक्शनमध्ये नाईक विलास सरतापे होता. आम्ही दोघेही इंदापूर तालुक्यातले, नीराकाठचे. आमच्या गावांत अंतर चार किलोमीटर.

पोस्टखालच्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्या मासेमाराने विलासला पिसांची माशी बांधायला शिकवलं. बारीक गळाला कोंबड्याचं पीस रेशमी दोऱ्याने गुंडाळायचं. ती माशी पाण्यावर अलगद सोडायची. मासा ती खरी समजून वर येतो. विलासचा हात महिनाभरात बसला. ड्युटी संपली की अर्धा तास तो नाल्यावर. मी बंदूक घेऊन मागे उभा.

पुढच्या सप्टेंबरमध्ये दोघांना एकदम रजा मिळाली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेचारला विलास गळाची काठी घेऊन माझ्या दारात आला.

"चला उस्ताद. नीरेत ट्राउट न्हाय, पण मरळ हाय. तीबी वरनं झडप घालती."

आम्ही नरसिंहपूरच्या वरच्या अंगाला, उसाच्या कडेने नदीत उतरलो. गुडघाभर पाणी, संथ. विलासने दोरी डोक्यावरून मागे नेली आणि पुढे सोडली. माशी लव्हाळ्याच्या कडेला पडली. पाच वाजून दहा मिनिटांनी पहिली मरळ लागली, हातभर लांब. घरी सुमनला, म्हणजे त्याच्या बायकोला, कालवणाचं सांगून आला होता. तो हसत होता.

साडेपाचला हसू थांबलं.

"उस्ताद, पाणी बघा."

पाणी लाल होत होतं. काटक्या आणि फेस येत होता. वर घाटाकडे तीन दिवस पाऊस होता. आम्ही काठावर आलो तेवढ्यात नदीतल्या बेटावरून हाक आली. नामदेवतात्या आणि त्यांची बायको शेरडं चारायला दुपारी चालत बेटावर गेले होते. आता मधल्या साठ फुटांत छातीभर पाणी होतं. तात्यांचा एक पाय अधू होता.

काठावरच्या पाण्याच्या मोटारीला नायलॉनचा दोर होता. तो मी सोडवला. विलास माझ्यापेक्षा चांगला पोहायचा. रजेवर हुकूम चालत नाही. मी हुकूमच दिला.

"विलास, दोर घेऊन तू जा. मी इकडे धरतो."

"जी, उस्ताद."

मी बाभळीला दोराचा वेढा दिला. तो पलीकडे पोचला आणि त्याने दुसरं टोक बेटावरच्या झाडाला बांधलं. त्याने आधी काकूंना आणलं. एक हात दोरावर, एक त्यांच्या कमरेला.

"माजी शेरडं ऱ्हायली रं," काकू रडत होत्या.

"आदी तात्या," विलास म्हणाला आणि परत वळला. पाणी त्याच्या खांद्याला लागलं होतं.

मधोमध आल्यावर तात्या ओरडले, "माजं ऱ्हाऊ दे पोरा, तू जा!"

"तात्या, दोर सोडू नगा."

काठ चार-पाच फुटांवर असताना वरून एक ओंडका आला. विलासने तो माझ्याआधी पाहिला. त्याने ओंडक्याकडे पाठ केली आणि तात्यांना दोन्ही हातांनी माझ्याकडे ढकललं. माझ्या हातात तात्यांची बंडी आली. त्यांना वर ओढून मी वळलो तेव्हा दोरावर कुणी नव्हतं.

"विलास, रिपोर्ट!"

मी तीनदा ओरडलो. सहाला पाच मिनिटं कमी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत तो खाली नीरा-भीमेच्या संगमाजवळ सापडला. पलटण दूर होती. बिगुल नव्हता, सलामीची गार्ड नव्हती. मी युनिफॉर्म घालून एकट्याने सॅल्यूट केला. भन्तेजींनी वंदना म्हटली. तात्या शेवटपर्यंत उभे होते, काठीवर.

पाचव्या दिवशी सुमनने मला बसवून घेतलं.

"भावजी, खरं सांगा. ते आपणहून गेलं का तुमी धाडलं?"

"मी धाडलं," म्हणालो.

"मग ते ड्युटीवर व्हते. कुणी इचारलं तर तसंच सांगा."

कागदावर 'रजेवर असताना बुडून मृत्यू' असं आहे. ते चूक नाही.

मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो. पंधरा ऑगस्टला गावच्या शाळेत शहिदांची नावं वाचायला मला बोलावतात. एका वर्षी दोन नावं वाचूनही मी खाली बसलो नाही, तेव्हा नवे मास्तर हळूच म्हणाले, "सुभेदारसाहेब, यादीत दोनच नावं आहेत."

"व्हय," मी म्हणालो, आणि तिसरं नाव वाचलं.