कुणी न केलेली जोडणी

माझ्या मुलीच्या मांडीच्या हाडात जो कर्करोग निघाला तो कसा सुरू होतो, हे गंगापूर रोडवरच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टर मॅडमनी मला कागदावर दोन रेघा काढून समजावलं.

"ही दोन गुणसूत्रं समजा," त्या म्हणाल्या. "एक अकराव्या नंबरचं, एक बाविसाव्या. पेशीच्या आत थोडीफार तुटफूट होतच असते आणि पेशी ती स्वतःच सांधते. हिच्या एका पेशीत ही दोन्ही तुटली, आणि सांधताना टोकांची अदलाबदल झाली."

त्यांनी एका रेघेचं शेपूट दुसरीला जोडून दाखवलं. जोड आला तिथं दोन वेगळ्या जनुकांचे अर्धे अर्धे भाग शेजारी येतात आणि त्यांचं मिळून एक नवंच जनुक तयार होतं. त्यातून जे प्रथिन बनतं ते पेशीतल्या बंद राहायला हव्यात त्या गोष्टी चालू करत सुटतं. मग पेशी वाढायची थांबत नाही. गाठीचा तुकडा तपासायला पाठवला होता, त्यात नेमकी हीच जोडणी सापडली होती.

चांदवडला माझं खतं-औषधांचं दुकान आहे. द्राक्षबागांत जंगली खुंटावर कलम भरताना मी कैकदा पाहिलंय. मी विचारलं, "म्हणजे भलत्या खुंटावर कलम लागलं, तसं?"

"कलम माणूस भरतो. हे कुणी केलेलं नाही. तुमच्या दोघांकडून आलेलं नाही, खेळताना मार लागून झालेलं नाही."

"मग कधी झालं?"

"ते सांगता येत नाही. गाठ दिसायच्या बरंच आधी. कदाचित काही वर्षंही."

त्या 'काही वर्षं'नी माझी झोप घालवली. कुठल्या तरी साध्या दिवशी, आम्ही जेवत असताना किंवा ती शाळेची रिबीन शोधत असताना, तिच्या आत ते तुटलं होतं आणि कुणाला कळलं नव्हतं. मी एकेक दिवस उकरायला लागलो. लहानपणी ती दुकानात कीटकनाशकांच्या खोक्यांवर बसून गृहपाठ करायची. मी त्याच कपड्यांनी घरी येऊन तिला उचलायचो. पुढच्या भेटीत मी तेही विचारलं. मॅडम म्हणाल्या, या आजाराचं असं बोट दाखवावं असं कारण अजून सापडलेलं नाही. औषधं जपून हाताळा, पण हे ओझं घेऊ नका.

मला सुटल्यासारखं वाटलं. आणि त्या सुटकेच्या आड मी दुसरी गोष्ट लपवली.

मुलगी खो-खो खेळते. मांडी दुखायला लागली तेव्हा मी डॉक्टरकडे गेलो नाही. आमच्याकडे मुरगळलं, लचकलं की चोळून घेतात. देवळा गावाकडे एक म्हातारे बाबा आहेत, माझ्या वडिलांची लचकलेली कंबर त्यांनीच बसवली होती. मी तिला गाडीवर बसवून तिकडे नेलं. त्यांनी मांडी चाचपली.

"काय नाय शेठ, शीर चढलीया. पोरगी लय पळती ना? पुढच्या टायमाला हरणामागं सोडा हिला."

ती हसली. मग त्यांनी तेल लावून अंगठा रुतवला आणि ती किंचाळली. मी तिचे गुडघे दाबून धरले. पुढचे कितीतरी रविवार आम्ही जात राहिलो. सूज वाढली, तरी मी म्हणत राहिलो, चोळल्यावर थोडी सूज येणारच.

मॅडमनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "कुणाकडून चोळून घेतलं का?" मी म्हणालो, "नाही." बायको माझ्याकडे बघत राहिली. मुलगी जमिनीकडे. बाहेर आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "अहो, त्या काय मारणार होत्या का तुम्हाला?"

केमो सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ती हॉस्पिटलच्या पलंगावर बसून मोसंबी सोलत होती. मी तिला त्या दोन रेघा काढून दाखवल्या. खेळल्यामुळे झालं असं तिला वाटू नये म्हणून.

"म्हणजे माझ्यामुळे नाही."

"नाही."

"तुमच्यामुळे पण नाही."

"नाही."

"मग चोळलेलं मॅडमना का नाही सांगितलं?"

मी म्हणालो, त्याचा काही संबंध नाही, आजार तर त्याच्या आधीचाच आहे. बोलताना माझा आवाज मलाच खोटा वाटला. कुणी केलेलं नाही, हे वाक्य मी माझ्यावर पांघरून घेतलं होतं. ते त्या जोडणीबद्दल होतं. रविवार मी केले होते.

"संबंध नाही तर सांगा ना," ती म्हणाली आणि एक फोड माझ्यापुढे धरली. मला ती घेववली नाही.

मी खाली जाऊन मॅडमना गाठलं आणि सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"चोळल्यानं ही जोडणी झालेली नाही," त्या म्हणाल्या. "पण गाठीवर असा दाब पडला की आत रक्त साकळतं, आजूबाजूच्या स्नायूत गाठीतल्या पेशी गेल्या असण्याची शक्यता धरावी लागते. ऑपरेशनला कुठवर काढायचं हे त्यावर ठरतं. पाय वाचवायचं आपण ठरवलंय ना? मांडीचे एमआरआयचे फोटो मला ही माहिती धरून पुन्हा बघू द्या."

"आणि उशीर?"

"उशीर झालाच आहे. केमो उद्याच सुरू करू. पायाचं मात्र मी आज सांगू शकत नाही."

वर गेलो तेव्हा तिच्या हातात सालं तशीच होती.

"सांगितलं?"

"हो."

"काय म्हणाल्या?"

आणखी एक खोटं माझ्या तोंडाशी आलं होतं. मी म्हणालो, "फोटो पुन्हा बघणार आहेत. कदाचित जास्त काढावं लागेल. पाय राहील की नाही, आत्ता सांगता येत नाही म्हणाल्या."

ती रडली नाही. तिनं चादर मांडीवर ओढून घेतली, त्यावर दोन्ही हात ठेवले, आणि मी जवळ सरकलो तशी ती किंचित भिंतीकडे सरकली.